औषध देणाऱ्या हातांसाठी



दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहून त्याला कळवळा आला, त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या आणि आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले. प्रवचनात आपण बहुधा इथेच थांबतो. पण लूकच्या शुभवर्तमानातील हा दाखला (अध्याय १०) आणखी एक पाऊल पुढे जातो. दुसऱ्या दिवशी निघताना शोमरोनी उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दीनार देतो आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तोही फेडीन, असा शब्द देतो.

या मालकाकडे आपले लक्ष फारसे जात नाही. खरे पाहता पुढचे दिवस जखमीची काळजी त्यालाच घ्यायची होती. शोमरोन्याने त्याला सेवेचा उपदेश केला नाही आणि त्याची मेहनत गृहीतही धरली नाही. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे घर त्या सेवेपायी अडचणीत येऊ नये, हेही त्याच्या दयेत बसत होते. आज आपण या दुसऱ्या दयेचा इतिहास पाहू या.

मेडिकलच्या काउंटरमागे

दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन आपण थेट मेडिकलवर जातो. डॉक्टरांचे अक्षर लावणारा, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर हे समजावणारा, इन्सुलिन फ्रिजमधून काढून देणारा माणूस दिवसभर उभाच असतो. मिस्सेत आपण आजाऱ्यांसाठी, डॉक्टरांसाठी, नर्सताईंसाठी प्रार्थना करतो. याचे नाव मात्र आपल्या विनंत्यांमध्ये क्वचितच येते.

त्याची परिस्थिती समजून घ्यायची तर थोडा कायदा पाहावा लागेल. आपल्या देशात फार्मसी कायदा १९४८ साली झाला. नोंदणीकृत फार्मासिस्टनेच औषध तयार करावे व द्यावे, असे त्यात ठरले. त्याआधी हे काम कंपाउंडर करत. पावडर खलणे, मिश्रणे बनवणे, बाटलीवर कागदाची खूणपट्टी चिकटवून डोस दाखवणे ही त्यांची कामे. पहिली नोंदवही तयार करताना इस्पितळात किंवा दवाखान्यात पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्यांनाही त्या कायद्याने जागा दिली. अनुभवाने शिकलेल्या कितीतरी माणसांना त्यामुळे प्रथमच कागदावर मान मिळाला.

आपल्या समाजाला हा इतिहास परका नाही. मिशनच्या दवाखान्यांनी गावोगावच्या मुलामुलींना हे काम शिकवले. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभे केले आणि पुढे त्याला जोडून वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९०३ साली पहिल्यांदा स्त्रियांना कंपाउंडरचे शिक्षण दिले. नर्सिंगचे शिक्षण तिथे १९०९ साली आले आणि स्त्रियांना डॉक्टर करण्याचे १९१८ साली. म्हणजे वेल्लोरमध्ये शिक्षणाची सुरुवातच औषध देणाऱ्या हातांपासून झाली.

आज दुकानात दोन प्रकारची माणसे असतात. एक, ज्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले आहे तो फार्मासिस्ट. दुसरा, खोकी उतरवणारा, रॅक लावणारा, घरपोच औषध देणारा मदतनीस. कामगार विमा म्हणजे ईएसआय योजना सर्वसाधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते. मोहल्ल्यातल्या मेडिकलमध्ये दोन-चारच माणसे असतात. त्यामुळे दिवसभर दुसऱ्यांना औषध देणाऱ्या या माणसाला स्वतः आजारी पडल्यावर विम्याचा आधार नसतो. पगार थांबतो, मुलांची फी राहते, घरभाडे थकते. रोज स्वच्छ शर्ट घालून काउंटरवर उभा असल्यामुळे तो गरीब आहे असे कुणाला वाटत नाही, आणि मागायला त्यालाही संकोच वाटतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा औषधांची दुकाने उघडी ठेवायची होती. आजाऱ्यांची माणसे तोंडाला रुमाल बांधून त्याच काउंटरशी येत होती. त्या वेळी केंद्र सरकारने आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांची विमा योजना आणली. ती सरकारी आरोग्यसेवेतील कर्मचारी, आशाताई आणि कोविडच्या कामाला घेतलेले खाजगी इस्पितळांचे कर्मचारी यांच्यासाठी होती. मोहल्ल्यातल्या मेडिकलचा नोकर तिच्या कक्षेत नव्हता. ही तक्रार म्हणून सांगत नाही. सरकारी योजनेला कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि रेघेपलीकडे राहिलेला माणूस कुणाचा, हा प्रश्न मग ख्रिस्तसभेकडे येतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या गावाचा इतिहासही उपयोगी पडतो.

बुऱ्हाणपूरचे वीस सोमवार

१६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी बादशहा शहाजहानचा मुक्काम आपल्या बुऱ्हाणपुरात होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्याला जाताना याच वाटेने गेला. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते आणि उपासमारीने खंगलेली माणसे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवली आहेत. मुमताज महलचा मृत्यूही याच मुक्कामात, जून १६३१ मध्ये, झाला. तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत तिला प्रथम दफन करण्यात आले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे.

दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘बादशाहनामा’त या दुष्काळातील मदतीची नोंद ठेवली आहे. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेच्या मुलखात अन्नछत्रे उघडण्यात आली. शिवाय बादशहाचा मुक्काम बुऱ्हाणपुरात आहे तोवर दर सोमवारी पाच हजार रुपये गरजूंना वाटावेत, असा हुकूम झाला. सोमवारच का, तर बादशहा तख्तावर बसला तो वार सोमवार होता. असे वीस सोमवार दान झाले आणि एक लाख रुपये वाटले गेले.

त्या काळचे एक लाख रुपये ही लहान रक्कम नव्हती. त्या दानाने जगलेल्या माणसांसाठी आपणही देवाचे आभार मानू शकतो. पण हुकुमातली अट लक्षात घ्या. मदत बादशहाच्या मुक्कामाशी बांधलेली होती. १६३२ साली बादशहा उत्तरेकडे निघून गेला. राजाच्या दानाचे असेच असते. ते मोठे असते, मनापासूनही असते, पण राजाबरोबर येते आणि राजाबरोबर जाते.

याच गावात देण्याची एक वेगळी रीतही पाहायला मिळते. दुष्काळाच्या पंधरा वर्षे आधी, १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत कुंडी भंडाऱ्याचे काम झाले. सातपुड्याच्या डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालून झिरपत येते. शंभराहून अधिक कुंड्या एकमेकींना भुयाराने जोडलेल्या आहेत आणि केवळ उताराच्या जोरावर पाणी गावाकडे वाहते. तिथे मोट नाही की पंप नाही. कुठल्याच एका कुंडीत फार मोठा साठा नाही, पण एकीचे पाणी दुसरीला मिळते. चारशे वर्षे उलटली तरी तो झरा आटलेला नाही.

आपल्या धर्मग्रामातील मदत सोमवारच्या दानासारखी असावी की कुंडी भंडाऱ्यासारखी, हे आपल्याला ठरवायचे आहे.

पहिल्या ख्रिस्ती लोकांची पेटी

पहिल्या शतकांतील ख्रिस्तसभेकडे ना राजा होता ना खजिना. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिला अंतर्गत वाद दिसतो, तो विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते म्हणून. प्रेषितांनी त्या तक्रारीला क्षुल्लक म्हटले नाही. त्यासाठी सात माणसे निवडून नेमली. म्हणजे मदतीचे नियोजन हेही प्रार्थनापूर्वक हात ठेवून सोपवायचे काम आहे, हे ख्रिस्तसभेने आरंभीच मान्य केले.

इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेज शहरातील तेर्तुलियन या लेखकाने ख्रिस्ती लोकांच्या बाजूने एक ग्रंथ लिहिला. त्यात तो आपल्या लोकांच्या पेटीचे वर्णन करतो. महिन्यातून एकदा ज्याला जमेल त्याने, जमेल तेवढे द्यावे. सक्ती कुणावर नाही. जमलेला पैसा मेजवान्यांवर जात नाही. तो गरिबांना जेवू घालायला आणि त्यांच्या दफनाला, पोरक्या मुलामुलींना, घरात म्हाताऱ्या झालेल्या नोकरांना, जहाज फुटून सर्वस्व गेलेल्यांना आणि श्रद्धेपायी खाणीत वा तुरुंगात खितपत पडलेल्यांना जातो. या यादीत म्हातारे नोकर आहेत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. ज्यांच्या अंगमेहनतीवर दुसऱ्यांची घरे चालली, ते थकल्यावर त्यांना वाऱ्यावर सोडायचे नाही, ही जाणीव अठराशे वर्षांपूर्वीची आहे.

पुढे इ. स. २५१ च्या सुमारास रोमचे महागुरू कॉर्नेलियुस एका पत्रात नोंदवतात की रोमची ख्रिस्तसभा पंधराशेहून अधिक विधवा व गरजूंना पोसते आहे. तेव्हा ख्रिस्ती असणे हाच गुन्हा होता. छळाच्या काळातही पेटी रिकामी पडू दिली गेली नाही, कारण ती एका श्रीमंताची नव्हती. अनेकांच्या थोड्याथोड्या देण्याने ती भरत होती.

लाजेने न मागणारे

१४९८ साली पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या आश्रयाने लिस्बनमध्ये ‘मिझेरिकॉर्दिया’ म्हणजे दयेचा बंधुसंघ स्थापन झाला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो गोव्यातही आला. दयेची सात शारीरिक आणि सात आध्यात्मिक कृत्ये हा त्यांचा पाया. आजाऱ्यांची शुश्रूषा, कैद्यांची भेट, बेवारस मृतांचे दफन, पोरक्या मुलींच्या लग्नाची तरतूद अशी कामे हे बंधू करत.

या संघांनी गरिबांमध्ये एक वेगळा वर्ग ओळखला होता. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘लाजरे गरीब’ अशा अर्थाचे नाव होते. कधीकाळी बरे दिवस पाहिलेली, आता अडचणीत आलेली, पण दारोदार हात पसरणे ज्यांना जमत नाही अशी ही घरे. त्यांना मदत गाजावाजा न करता त्यांच्या घरी पोहोचवली जाई.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. संघाचे सभासदत्व मर्यादित होते, उच्च कुळाचा आणि दर्जाचा विचार तिथे होई, आणि सत्ताधाऱ्यांच्या समाजाचा लाभ आधी पाहिला जाई. म्हणून त्यांची सगळीच रीत आपण उचलायची नाही. लाजणाऱ्या गरिबाची लाज राखायची, एवढी एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून जरूर घ्यावी.

लंडनमधील औषधवाले

आता औषध देणाऱ्यांनीच एकमेकांसाठी उभ्या केलेल्या निधीकडे वळू. १७७० साली लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात विल्यम ॲलन यांचा जन्म झाला. हा रेशीम विणकरांचा भाग होता. वडील रेशमाचे कारखानदार आणि घराणे क्वेकर पंथाचे. मागाची खटखट आणि काम थांबले की चूल थांबणारी घरे त्यांनी लहानपणापासून पाहिली असणार. यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्या आपल्याला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

ॲलन प्लाऊ कोर्ट येथील औषधालयात कामाला लागले आणि पुढे त्याचे मालक झाले. १७९७ साली विणकरांवर वाईट दिवस आले तेव्हा त्यांनी मित्रांसह स्पिटलफील्ड्समध्ये गरिबांसाठी सूप पुरवणारी संस्था काढली. साखर गुलामांच्या श्रमातून येते म्हणून त्यांनी त्रेचाळीस वर्षे साखर खाल्ली नाही. ज्याच्या दुकानात गोड पाकातली औषधे विकली जात असतील, त्याने स्वतःच्या ताटातली साखर सोडणे हा एक उपवासच होता.

१५ एप्रिल १८४१ रोजी जेकब बेल आणि इतर औषधविक्रेत्यांनी मिळून ग्रेट ब्रिटनची फार्मास्युटिकल सोसायटी स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष विल्यम ॲलन होते. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीचे होते. शिक्षण, परीक्षा, व्यवसायाचे रक्षण हे सोसायटीचे हेतू होतेच. पण त्याच वर्षी अडचणीतील सभासदांसाठी निधीही सुरू झाला. १८४३ साली मिळालेल्या राजसनदेत तर संकटात सापडलेले सभासद व सहसभासद आणि त्यांच्या विधवा व पोरकी मुले यांच्या मदतीचा हेतू स्पष्ट लिहिला गेला.

सोसायटी नवी होती, तिच्यापुढे कामांचा डोंगर होता. आधी पाय रोवू, मग दानधर्माचे पाहू, असे म्हणणे तिला सोपे होते. पण ज्या वर्षी एकत्र आलो त्याच वर्षी एकमेकांच्या घरांची जबाबदारी घ्यायची, असे त्यांनी ठरवले. तो निधी अजून जिवंत आहे. आज ‘फार्मसिस्ट सपोर्ट’ नावाची धर्मादाय संस्था ते काम पुढे नेते. ती अडचणीतील फार्मासिस्ट, निवृत्त झालेले, विद्यार्थी आणि त्यांची कुटुंबे यांना पैशांची मदत करते, कर्जातून वाट काढायला सल्ला देते, आणि मनावर ताण आलेल्यांचे म्हणणे त्यांच्याच व्यवसायातले स्वयंसेवक फोनवर ऐकून घेतात.

तरी इथेही एक रेघ होती. तो निधी सभासदांचा होता. फरशी पुसणारा, बाटल्या धुणारा पोऱ्या त्या सनदेत नव्हता. आपल्या गावात सर्वांत आधी अडचणीत येतो तो हाच माणूस.

आपण काय करू शकतो

२६ सप्टेंबरला आपण संत कॉस्मस आणि संत दमियान यांचा सण साजरा करतो. हे दोघे भाऊ वैद्य होते, आजाऱ्यांकडून पैसा घेत नसत आणि श्रद्धेसाठी त्यांनी प्राण दिले, अशी परंपरा आहे. औषधाचे काम करणारे त्यांना आपले आश्रयदाते मानतात. त्यांचे उदाहरण देताना आपण एक काळजी घ्यावी. स्वतः मोबदला न घेता सेवा करणे हा संतांचा मार्ग आहे. दुसऱ्याकडून कमी मोबदल्यात सेवा करवून घेऊन तिला त्याग म्हणणे हा संतांचा मार्ग नव्हे.

कुणी विचारील, हे काम दुकानमालकांचे आहे, संघटनेचे आहे, सरकारचे आहे. चर्चने यात का पडावे? प्रश्न योग्य आहे. योग्य पगार आणि विमा हा कामगाराचा हक्क आहे आणि दानपेटी हक्काची जागा घेऊ शकत नाही. आपल्यापैकी जे स्वतः मालक आहेत त्यांनी आधी आपल्या नोकराचा पगार आणि सुट्टी पाहावी. ते दानापूर्वीचे कर्तव्य आहे. पण हक्क मिळेपर्यंत घरातले दिवे लागायला हवेत. शोमरोन्याने रस्त्यावर लुटारू का आहेत हे जरूर विचारले असते, पण आधी त्याने पट्टी बांधली.

म्हणून पुढील गोष्टी आपल्या धर्मग्रामांत करता येतील, असे आम्हा स्वयंसेवकांना वाटते.

पहिली, महिन्याची पेटी. दर महिन्याच्या एका ठरलेल्या रविवारी, ज्याला जमेल त्याने, जमेल तेवढे टाकावे. कुणी किती टाकले याची यादी वाचू नये. रक्कम लहान असली तरी खंड पडू देऊ नये. कुंडी भंडाऱ्याचे पाणी असेच थेंबाथेंबाने येते.

दुसरी, दोघांनी मिळून घरी जाणे. १८३३ साली पॅरिसमध्ये धन्य फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी संत विन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली. गरिबांच्या घरी स्वतः जाऊन भेटणे, हा तिचा आत्मा आहे. फोनवर अडचण कळते, पण घर कळत नाही. घरी गेल्यावर आधी ऐकावे. पैशांचा विषय शेवटी काढावा.

तिसरी, लाज राखणे. मदत देतानाचा फोटो नको, व्हॉट्सॲपवर नाव नको. मुलांची फी भरायची तर ती शाळेत परस्पर भरता येते, किराणा दुकानात परस्पर देता येतो. मदत घेणारा पुढच्या रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर ताठ मानेने बसू शकला पाहिजे.

चौथी, धर्म न विचारणे. आपल्या गावातील मेडिकलच्या काउंटरमागे हिंदू, मुसलमान, बोहरी, ख्रिस्ती असे सगळे उभे आहेत. आजारात त्यांनी आपल्याला औषध देताना आपला धर्म विचारला नाही. दाखल्यातला शोमरोनीही जखमीच्या जातीचा नव्हता.

पाचवी गोष्ट बिनपैशांची आहे. ज्यांना कागदपत्रे समजतात त्यांनी अशा कुटुंबांना आयुष्मान कार्ड, ई-श्रम नोंदणी, शिष्यवृत्तीचे अर्ज यांसाठी तासभर द्यावा. अनेकदा मदत मंजूर असते, पण अर्ज भरलेला नसतो. आणि मेडिकलवर जाल तेव्हा त्या माणसाला नावाने हाक मारा, त्याच्या घरच्यांची विचारपूस करा. अडचणीची पहिली चाहूल अशाच बोलण्यातून लागते.

बादशहाचे वीस सोमवार इतिहासात लिहिले गेले. आपली पेटी कुणी इतिहासात लिहिणार नाही, आणि त्याची गरजही नाही. उतारशाळेच्या मालकाला शोमरोन्याने परत येताना उरलेले फेडण्याचा शब्द दिला होता. तो शब्द पाळण्याचे काम प्रभूने आता आपल्याकडे सोपवले आहे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू आजाऱ्यांना स्पर्श करून बरे केलेस. आमच्या गावात औषध देणाऱ्या प्रत्येक हाताला बळ दे. त्यांच्या घरी अन्न, मुलांना शिक्षण आणि म्हाताऱ्यांना आधार मिळो. ज्यांना मागता येत नाही त्यांचे दुःख ओळखणारे डोळे आम्हाला दे, आणि दर महिन्याला न थकता उघडणारा हात दे. आमेन.